उशाशी बसलेल्यांचं गाणं

घरातलं मोठं आजारपण काढलेल्या माणसाला विचारा, सगळ्यात जास्त काय थकलं? कुणी पाठ म्हणेल, कुणी पाय. थोडं थांबून एखादा म्हणेल, कान. शेजारच्या खोलीतला खोकला, कूस बदलल्याची सळसळ, अडखळलेला श्वास, अर्धवट हाक. डोळा लागला तरी कान जागेच. ते माणूस गेल्यावरही कित्येक आठवडे हा पहारा उठत नाही. मध्यरात्री दचकून जाग येते, पाय जमिनीवर टेकतात आणि मग आठवतं, आता उठायचं कारणच उरलेलं नाही.

अशा कानांना गाणं का निववतं, याची उत्तरं गेल्या पंचवीसएक वर्षांत थोडीफार हाती लागली आहेत.

आपला मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. आजारपण नेमका हाच अंदाज मोडतं. आज ताप उतरला म्हणावं तर उद्या चढतो, चार दिवसांचं म्हटलेलं दुखणं चार महिने रेंगाळतं. गाण्यात मात्र अंदाजाला आधार असतो. ठेका ठरलेला, धृपद परत येणार, सम गाठली जाणार. २०११ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूतल्या डोपामाइनचा, म्हणजे सुखाच्या अनुभवाशी निगडित रसायनाचा, माग काढला. काटा आला त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामाइन स्रवलं, हे अपेक्षितच होतं. पण त्याआधी, ‘ती जागा आता येणार’ अशी नुसती चाहूल लागताच, दुसऱ्या एका भागात ते स्रवू लागलं होतं. वाट पाहण्यातही सुख होतं! रुग्णाच्या उशाशी बसलेल्याला ‘पुढे काय’ या प्रश्नाची धास्ती वाटते. मला वाटतं, तोच प्रश्न गाण्यात काही मिनिटं तरी सुखाचा होतो आणि दिलाशाचं मूळ तिथे असावं. हा दुवा माझा आहे, प्रयोगाचा नव्हे.

शरीराचंही तसंच. इटलीत लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २४ जणांना रागसंगीतापासून रॅपपर्यंत निरनिराळे तुकडे ऐकवून त्यांचा श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लय वाढली तसा श्वास आणि नाडी वाढत गेली. आवडनिवड फारशी आड आली नाही. सगळ्यात जास्त विसावा मात्र तुकड्यांच्या मधे ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत मिळाला. नाडी आणि रक्तदाब तेव्हा सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. गाणं संपल्यावर लगेच दुसरं लावू नये, थोडं तसंच बसून राहावं, असं मी त्यावरून सुचवीन.

मग दुःखात आणखी दुःखी गाणी का ऐकावीशी वाटतात? लिला तारुफी आणि श्टेफान कोल्श यांनी २०१४ मध्ये जगभरातल्या साडेसातशेहून अधिक लोकांना हेच विचारलं. उदास संगीतातून सर्वाधिक जणांना जाणवली ती उदासी नव्हती, ती होती गतकाळाची हुरहुर. रडताना स्रवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक असं संगीत ऐकतानाही स्रवतं आणि सांत्वन करतं, अशी एक लोभस कल्पनाही मांडली गेली होती. पुढच्या तपासणीत तिला दुजोरा मिळाला नाही, म्हणून ती बाजूला ठेवलेली बरी.

दुःखाच्या अभ्यासातला एक विचार इथे जास्त उपयोगी पडतो. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोक एका सरळ रेषेत ओसरत नाही. माणूस गेलेल्याच्या आठवणीत शिरतो, तिथून बाहेर येऊन बिलं भरतो, कामाला लागतो, पुन्हा आत शिरतो. ही ये-जा निरोगी असते. दोन्हींपैकी एकीकडेच अडकून पडणं त्रासाचं. गाण्याला लांबी असते, म्हणून ते या ये-जेला सोयीचं. पाच मिनिटं आत जायचं, गाणं संपलं की दार लोटून बाहेर. पण ज्यांचं मन एकच विचार घोळवत राहतं, त्यांना तेच विरहगीत रात्रभर ऐकून जास्त खचायला होतं. संपल्यावर हलकं वाटतंय की जड, हे ज्याचं त्याने पाहावं. रोज जडच वाटत असेल तर गाणं बदलावं, आणि तज्ज्ञाशी बोलावं.

ऐकण्यापेक्षा गाणं, तेही चारचौघांत, आणखी काही देतं. डेझी फॅनकोर्ट यांच्या गटाने २०१६ मध्ये वेल्समधल्या पाच गायनवृंदांतल्या १९३ जणांची तासाभराच्या गाण्याआधी आणि नंतर तपासणी केली. त्यांत कर्करोगाचे रुग्ण होते, त्यांची शुश्रूषा करणारे होते आणि ज्यांचं माणूस गेलं असेही होते. तिन्ही गटांत ताणाशी निगडित कॉर्टिसॉल घटलं, मन हलकं झालं. तुलनेला न गाणारा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मर्यादा. पुढे २०१९ मध्ये याच संशोधकांनी आप्त गमावलेल्यांचा अभ्यास केला, तोही न गाणाऱ्यांशी तुलना करून. गाणाऱ्यांचं नैराश्य नाहीसं झालं नाही, पण त्यांची स्थिती अधिक स्थिर राहिली आणि स्वतःवरचा विश्वास हळूहळू वाढला. न ढासळणं ही त्या दिवसांत केवढी मोठी गोष्ट असते, हे त्यातून गेलेल्यालाच कळेल.

फिनलंडमधल्या तेप्पो सार्कामो यांच्या प्रयोगात तर रुग्णांबरोबर शुश्रूषा करणारेही सामील होते. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे अशा ८९ जोड्यांपैकी काहींना दहा आठवडे एकत्र गायला शिकवलं, काहींना एकत्र ऐकायला. रुग्णांची मनःस्थिती दोन्हींमुळे सुधारली. काळजी घेणाऱ्याला बरं वाटलं ते मात्र स्वतः गाण्याने. नाव विसरलेलं माणूस जुनी चाल बिनचूक कशी पकडतं, याचा एक धागा लाइपझिगच्या संशोधकांना २०१५ मध्ये सापडला. फार पूर्वीपासून माहीत असलेल्या गाण्यांशी जोडलेले मेंदूचे भाग अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानाने कमी झिजतात. बोलणं खुंटलेल्या घरात दोघांना मिळून करता येईल असं त्यामुळे काहीतरी उरतं.

आणि अगदी शेवटी? कॅनडातल्या व्हँकुव्हरमधल्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रातल्या, प्रतिसाद थांबलेल्या मरणासन्न रुग्णांना सुरांच्या ओळी ऐकवून त्यांच्या मेंदूचे विद्युत आलेख काढले. २०२० मध्ये त्यांनी कळवलं, की काहींच्या मेंदूने सुरांतला बदल शेवटच्या तासांतही टिपला होता. त्यांना अर्थ कळत होता का, हे आलेखावरून सांगता येत नाही. पण उशाशी बसून गुणगुणावंसं वाटलं तर गुणगुणावं, त्यांच्या ओळखीची चाल, आपल्या नेहमीच्या आवाजात.