स्काउट मास्टर (पथक चालवणारे स्वयंसेवक)

स्काउट मास्टर म्हणजे स्काउट पथक चालवणारी मोठी व्यक्ती, बाई असो की पुरुष. हाताखाली साधारण ११ ते १७ वयाची मुलं असतात (वयाची हद्द देशागणिक थोडी वरखाली होते) आणि बहुतेक ठिकाणी हे काम बिनपगारी असतं, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून आठवड्यातली एक संध्याकाळ आणि अधूनमधून शनिवार-रविवार द्यायचा. संस्थेकडून ट्रेनिंग मिळतं, पण तीसेक पोरं पहिल्यांदा समोर उभी राहिली की त्यातलं निम्मं डोक्यातून उडून जातं. म्हणून या नोंदीत इतिहास थोडक्यात आणि रोजच्या कामाचं जास्त आहे.

स्काउट चळवळ सुरू करणारे रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचा कॅम्प घेतला. श्रीमंत शाळांमधली आणि कामगार घरांमधली मुलं मुद्दाम एकत्र आणली, त्यांच्या लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू पक्षी अशा चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीवर एक मुलगाच नायक नेमला. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचं पुस्तक हप्त्याहप्त्याने निघालं आणि ते वाचून पोरांनी ठिकठिकाणी आपापल्या टोळ्या काढल्या, मग चला आता कोणीतरी मोठं माणूस शोधू म्हणून शिक्षकांच्या, पाद्र्यांच्या मागे लागली. म्हणजे क्रम बघा, आधी पोरं आणि नंतर मास्टर. मोठ्यांचं ट्रेनिंग तर त्याच्याही नंतरचं, लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये पहिला वुड बॅज (मास्टरांसाठीचा) कोर्स झाला तो १९१९ मध्ये. आज पथक चालवताना जी गडबड होते ती बहुतेक वेळा हा क्रम उलटा झाल्यामुळे होते असं माझं मत आहे, मास्टर सगळं ठरवतो आणि पोरं येऊन बसतात.

टोळी आणि टोळीनायक

एका टोळीत ६ ते ८ मुलं, त्यातलाच एक नायक, एक उपनायक, आणि सगळ्या नायकांची मिळून मानसभा म्हणजे कोर्ट ऑफ ऑनर. कॅम्प कुठे, मेनू काय, दंगा करणाऱ्याचं काय करायचं, हे तिथे ठरतं आणि मास्टर तिथे बसतो तो सल्ला द्यायला. कागदावर हे सगळ्यांना पटतं. प्रत्यक्षात काय होतं, तर नायकाला तंबू लावायला चाळीस मिनिटं लागतात, मास्टरला दहा लागतात, म्हणून मास्टर म्हणतो सरक, मी लावतो. इथेच टोळी पद्धत संपली, कारण पुढच्या वेळी नायक आपणहून बाजूला उभा राहतो.

त्यापेक्षा मीटिंगच्या अर्धा तास आधी फक्त नायकांना बोलवायचं, आज जे शिकवायचंय ते त्यांच्याकडून एकदा करून घ्यायचं, आणि मग पथक जमलं की तेच आपापल्या टोळीला शिकवतील. आपण हात मागे बांधून फिरायचं (खरंच बांधायचे, नाहीतर हात आपोआप दोरीकडे जातात). नायक अडकला तर सगळ्यांसमोर सुधारायचं नाही, बाजूला घेऊन सांगायचं, त्याची टोळीतली पत राहिली पाहिजे.

किती सोडायचं आणि कुठे मध्ये पडायचं हा नव्या मास्टरचा नेहमीचा प्रश्न. साधी कसोटी अशी की त्रास होईल पण इजा होणार नाही अशी चूक होऊ द्यायची, इजा होऊ शकत असेल तर ताबडतोब थांबवायचं. टोळी काडेपेटी विसरली, तर जाऊ देत शेजारच्या टोळीकडे मागायला. जेवण करपलं, तर करपलेलं खातील आणि पुढच्या वेळी आच कमी ठेवतील. पण एखाद्याचा दम्याचा पंप राहिलाय का हे मात्र नायकावर सोडायचं नसतं, ते निघण्याआधी मास्टरने स्वतः बघायचं.

टोळ्या करताना सगळे जिवलग मित्र एकाच टोळीत असा हट्ट मुलं करतात. एखादा मित्र प्रत्येकाला मिळू दे, पण वयं मिसळलेली हवीत, नाहीतर मोठ्यांची एक टोळी सगळं जिंकते आणि लहानांच्या टोळीत शिकवणारंच कोणी राहत नाही.

आठवड्याची मीटिंग

दीड तास पुरतो. मुलं येतील तसतशी लगेच काहीतरी हातात मिळालं पाहिजे, रिकामी बसली की मस्ती तिथून सुरू होते. मग छोटी प्रार्थना किंवा ध्वज, एक पळापळीचा खेळ, कौशल्य, टोळीचा वेळ, पुन्हा खेळ, समारोप. भाषण पाच मिनिटांच्या वर गेलं की मागची रांग गेलीच समजा. गप्प करायला ओरडायचं नाही, स्काउटची तीन बोटांची खूण करून हात वर धरायचा आणि थांबायचं, ज्याला दिसेल त्याने तसाच हात वर करून गप्प व्हायचं. पहिले काही आठवडे हे काम करत नाही म्हणून लोक सोडून देतात आणि शिट्टी फुंकायला लागतात, तर शिट्टी धोक्यासाठी राखून ठेवावी.

गाठी शिकवायची एक गोष्ट फार कमी जण सांगतात. मुलासमोर तोंड करून गाठ दाखवली की त्याला सगळं उलटं दिसतं, त्याचा उजवा आपला डावा, आणि दोघंही वैतागतात. त्याच्या शेजारी, त्याच बाजूला तोंड करून उभं राहायचं. दोरी प्रत्येकाला स्वतंत्र, दोनेक मीटरची, बोटाएवढी जाड, बुटाच्या नाडीवर शिकलेली गाठ खऱ्या दोरीवर येत नाही. रीफ नॉटमध्ये उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर, दोन्ही वेळा एकच बाजू घेतली की ग्रॅनी होते आणि ती सरकते, ही दोन्ही ओढून दाखवली की पोरांना आयुष्यभर लक्षात राहतं. आणि हेही त्याच वेळी सांगावं की रीफ नॉट बँडेजला आणि पार्सलला ठीक आहे, माणसाचा भार पेलायला नाही, भारासाठी न सरकणारा फास हवा असेल तर बोलाइन.

बॅज (कौशल्य आल्याची खूण म्हणून मिळणारा बिल्ला) सही करताना हात आखडता असावा. एकदा बघून केलं म्हणजे आलं असं नाही, दोन आठवड्यांनी न बघता कर, किंवा त्याहून चांगलं, धाकट्या पोराला शिकवून दाखव, मग सही. आईवडील फोन करून विचारतात की आमच्याचा बॅज का राहिला, त्यांना शांतपणे वही दाखवायची.

हाईक आणि कॅम्प

हाईकला सगळ्यात हळू चालणारा पुढे आणि एक मोठा माणूस शेवटी, त्याच्या मागे कोणी नाही. वेळेचा अंदाज घ्यायला नेस्मिथचा नियम वापरतात, सपाटीवर तासाला ५ किमी आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास, हा नियम १८९२ चा आणि दमदार मोठ्या माणसांचा आहे, त्यामुळे पाठीवर सॅक घेतलेल्या मुलांसाठी त्यात बराच वेळ वाढवून धरावा. सॅक मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नको, म्हणजे ४० किलोच्या मुलाला ८ किलो. निघण्याआधी सॅक उचलून बघितल्या की काहींमध्ये अख्खा बिस्किटांचा डबा आणि दोन पॉवर बँक सापडतातच.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर उघड्यावरून हलायचं, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. झाडाखाली नाही, तंबूतही नाही. ओढ्याचं पाणी खळखळून उकळल्यावर पूर्ण एक मिनिट उकळतं ठेवायचं, खूप उंचावर असाल (२००० मीटरच्या वर) तर तीन मिनिटं. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ, टूथपेस्ट काही लावायचं नाही. पोहण्याच्या वेळी जोड्या करायच्या, शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा, मोजणी झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही. चाकू उघडण्याआधी बंद चाकू हातात धरून हात ताणून सगळीकडे फिरवायचा, कोणाला लागला तर जागा कमी आहे.

घरची आठवण हा पहिल्या कॅम्पचा खरा आजार. दिवसा दिसत नाही, रात्री दिवे विझल्यावर एकाच्या तंबूतून हुंदका येतो आणि मग दुसऱ्याच्या. आधीच पालकांना सांगून ठेवावं की "करमलं नाही तर लगेच न्यायला येईन" असं मुलाला बोलू नका, कारण मग तो पहिल्या रात्रीपासून त्याचीच वाट बघतो. अशा वेळी समजावत बसण्यापेक्षा टॉर्च देऊन पाण्याची टाकी बघून ये म्हणावं, सोबत जोडीदार आणि आपण थोड्या अंतरावर. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

दोन मोठी माणसं

यात सूट नाही. प्रत्येक मीटिंगला, प्रत्येक गाडीत, प्रत्येक कॅम्पला किमान दोन मोठी माणसं, आणि एक मोठा आणि एक मूल असे दोघंच बंद जागी कधीच नाहीत. खासगी बोलायचं असेल तर मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही असं. मेसेज करायचा तो पालक असलेल्या ग्रुपवर, मुलाला एकट्याला नाही. मोठ्यांचे तंबू वेगळे. चांगल्या माणसाला हे नियम संशय घेतल्यासारखे वाटतात, पण खोट्या आरोपापासून त्याचंही रक्षण यानेच होतं.

एखाद्या मुलाने काही वाईट घडल्याचं सांगितलं तर ऐकायचं, "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, उलटतपासणी करायची नाही, त्याचेच शब्द लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी संस्थेच्या बालसुरक्षा जबाबदाराला कळवायचं, मूल धोक्यात वाटलं तर थेट पोलिसांना. खरं की खोटं हे ठरवणं मास्टरचं काम नाही. शिक्षेचंही तसंच, जोर काढायला लावणं, जेवण तोडणं, सगळ्यांसमोर हसं करणं हे काहीही चालत नाही.

पालक, पैसे आणि स्वतःचं मूल

पालकांकडे "कोणी मदत कराल का" असं मोघम मागितलं की कोणी हात वर करत नाही. "शनिवारी सकाळी सातला तुमची गाडी आणि चार सीट" असं मागितलं की मिळते. पैशांना दोन सह्या, प्रत्येक खर्चाची पावती, आणि स्वतःच्या खिशातून घातलेले चिल्लर पैसेही लिहायचे, नाहीतर पुढच्या माणसाला खर्चाचा खरा अंदाज कधीच येत नाही.

स्वतःचं मूल पथकात असेल तर त्याचे बॅज दुसऱ्या लीडरने तपासावेत, त्याची तक्रारही त्या लीडरकडेच जावी. बहुतेक मास्टर आपल्या मुलाला झुकतं माप देत नाहीत, उलट जरा जास्तच कडक वागतात, आणि ते पोर बिचारं घरीही मास्टरच्याच हाताखाली राहतं. गाडीत परत येताना पथकाचा विषय काढायचा नाही असं बऱ्याच घरांत ठरवून घेतात.

पाच-सहा वर्षांनी माणूस थकतो, म्हणून सहायक पहिल्या वर्षापासून तयार करायचा आणि महिन्यातली एक मीटिंग त्याच्यावर टाकून आपण मागे बसायचं. सोडताना किल्ल्या, सामानाची यादी (कुठला तंबू गळतो हे त्यात लिहून), हिशोबाची वही आणि चालू पालकांचे नंबर पुढच्याला द्यायचे. पथक सोडून गेलेल्या मुलांचे जुने मेडिकल फॉर्म मात्र त्या गठ्ठ्यात द्यायचे नाहीत, संस्थेने ठेवायला सांगितलेली मुदत संपली असेल तर ते फाडून टाकायचे.