गाठीला सुई लावायची भीती कुठून आली?

मिरजेच्या दवाखान्यांत मानेची गाठ दाखवायला आलेल्यांना डॉक्टर ‘एफएनएसी करून या’ म्हणतात, म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून घेऊन तपासणी. जत-तासगावकडून सोबत आलेली माणसं मग हळूच विचारतात, “सुई लावल्यावर गाठ पसरणार नाही ना?” हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. एके काळी तो सर्जनांनाच पडला होता.

1930 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले सर्जन हेस मार्टिन आणि तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यांची सुई 18 गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड. जागा बधिर करून, कातडीला बारीक छेद देऊन ती आत घालावी लागे. एवढ्या जाड सुईच्या वाटेनं कॅन्सरच्या पेशी सांडतील, ही धास्ती तेव्हाची. सुट्या पेशींवरून निदान करणं बऱ्याच पॅथॉलॉजिस्टनाही पटेना, आणि अमेरिकेत ही पद्धत मागे पडली.

तिला नवा जन्म दिला स्वीडननं. 1950 नंतर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सिक्स्टन फ्रान्झेन आणि सहकाऱ्यांनी 0.6-0.7 मिलिमीटरची सुई वापरली. भूल नको, टाका नको. फ्रान्झेन रक्तविकारांकडून आलेले. म्हणून सुईत आलेला थेंब रक्तासारखाच काचेवर वाळवून, पेशी नीट दिसाव्यात म्हणून गिम्सा रंग देण्याची रीत रुळली. आजची सुई ही त्यांची आहे, मार्टिन यांची नव्हे. तिच्या वाटेनं कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ.

मार्टिन यांचा एक आग्रह मात्र आजही लाखमोलाचा वाटतो : मानेतली गाठ घाईनं कापू नका, आधी तोंड, जीभ, घसा बघा. तंबाखू-मशेरीच्या आपल्या मुलखात मानेची गाठ कित्येकदा तोंडातल्या कॅन्सरचीच असते, आणि आधी घातलेली चीर पुढच्या ऑपरेशनला नडते.

दुसरी शक्यता गंडमाळेची, म्हणजे टीबीची. सुश्रुतसंहितेत मानेच्या अशा गाठींना ‘अपची’ म्हटलंय. क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममुळे वानलेसवाडीचं नाव तर इथं घरोघरी ठाऊक. सुईनं ओढलेल्या थेंबातला काही भाग सीबीनॅट यंत्रात घातला, की दोनेक तासांत टीबीचे जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देतील का, दोन्ही कळतं.

लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्याच कॅन्सरची शंका आली, तर मात्र तपासायला बहुधा गाठीचा तुकडाच लागतो. थायरॉइडच्या ‘फॉलिक्युलर’ प्रकारच्या गाठीतही सुई अडते : पेशी साध्या आणि कॅन्सरच्या गाठीत सारख्याच दिसतात, फरक असतो तो गाठीचं आवरण फुटलंय का यात, आणि आवरण सुईत येत नाही.