प्रसूतीतील ठोके व कळांची देखरेख

प्रसूती सुरू झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत त्याच्या हृदयाचे ठोके आणि आईच्या कळा एकमेकांशी ताडून पाहण्याची पद्धत. लेबर रूममध्ये तिला नुसते ‘ठोके बघणे’ म्हणतात. हे नाव अपुरे आहे, कारण कळ कधी आली हे ठाऊक नसेल तर ठोक्यांच्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. कळेबरोबर गर्भाशयाचा स्नायू आवळतो, वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढा वेळ बाळाला प्राणवायू कमी मिळतो. सुदृढ बाळ हे सोसते आणि दोन कळांमधल्या उसंतीत सावरते. ते सावरते आहे ना, हे पाहणे म्हणजे ही देखरेख.

कळा हाताने मोजता येतात. पोटावर, गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी तळवा ठेवून 10 मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली हे पाहतात. ऐन कळेत पोट नाकाच्या शेंड्यासारखे मऊ लागले तर कळ हलकी, हनुवटीसारखे लागले तर मध्यम, कपाळासारखे टणक लागले तर जोराची. 10 मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या की बाळाला उसंतच उरत नाही. कळा वाढवण्याच्या औषधाचे सलाइन (कळांचे सलाइन) लावल्याने असे झाले तर ते कमी किंवा बंद करतात.

ठोके ऐकण्याची सुरुवात एका चुकलेल्या अंदाजातून झाली. 1821 च्या सुमारास फ्रेंच वैद्य केर्गारादेक यांनी गर्भजलात बाळाच्या हालचालीचा आवाज येतो का, हे ऐकायला पोटावर स्टेथोस्कोप लावला. ऐकू आली ती घड्याळासारखी टिकटिक. त्याच शतकाच्या अखेरीस आलेले फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ पिनार यांचे ठोके ऐकण्याचे नळकांडे आजही वापरात आहे. आता बहुतेक ठिकाणी हातातला डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी ठोके टिपणारे छोटे यंत्र, असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिल्या टप्प्यात, कळा नीट लागल्यावर, दर 15 ते 30 मिनिटांनी आणि बाळ खाली ढकलण्याच्या टप्प्यात दर 5 मिनिटांनी ठोके ऐकावेत. तेही किमान एक मिनिट, कळ चालू असताना आणि ती ओसरल्यावर निदान 30 सेकंद. सोबत आईची नाडीही धरावी. नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून कागदावर चढतात!

मिनिटाला 110 ते 160 ठोके सामान्य समजले जातात. कळेबरोबर उतरून तिच्याबरोबरच वर येणारे ठोके बहुधा डोके दाबल्यामुळे उतरतात, त्यांची काळजी नसते. नाळ दाबली गेली तर ते एकदम कोसळतात आणि तसेच उसळून वर येतात. कळ भरात आल्यावर उतरू लागणारे आणि ती ओसरल्यावरही खालीच रेंगाळणारे ठोके मात्र प्राणवायू कमी पडत असल्याची खूण असू शकतात. अशा वेळी आईला कुशीवर वळवतात, तिचा रक्तदाब पाहतात, नाळ खाली सरकली आहे का हे तपासतात. ठोके सुधारले नाहीत तर प्रसूती लवकर उरकतात, प्रसंगी सिझर करून.

कार्डिओटोकोग्राफ, म्हणजे सीटीजी, हेच काम दोन पट्ट्यांनी सलग करतो: एक ठोके टिपतो, दुसरा कळा. कळांचा आलेख उंच दिसला म्हणून कळ जोराची असे नव्हे. पट्टा किती आवळला आहे, यावरही ती उंची ठरते. खरा दाब मोजायला गर्भाशयात नळी घालावी लागते. त्यावरून 10 मिनिटांतल्या कळांचा एकूण जोर ज्या मॉन्टेव्हिडिओ एककात सांगतात, त्याचे नाव उरुग्वेच्या राजधानीचे; ते तिथले संशोधक काल्देइरो-बार्सिया यांच्या संशोधनाची आठवण आहे.

सलग पट्टे लावल्याने नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण घटते. पण बाळमृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारे अपंगत्व) कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले नाही, सिझर मात्र वाढले. म्हणून जोखीम नसलेल्या बाईला पट्टा लावून खाटेला खिळवण्यापेक्षा ठरलेल्या वेळी नीट ऐकणारी परिचारिका बरी. उच्च रक्तदाब, वाढ खुंटलेले बाळ, कळांचे सलाइन किंवा गर्भजलात बाळाने केलेली शी असेल तर सीटीजीच योग्य. तोच आलेख दोन जाणकार वेगवेगळा वाचतात, ही त्याची जुनी अडचण. त्यावर उपाय म्हणून संगणकाची मदत घेऊन पाहिली गेली; ब्रिटन व आयर्लंडमधल्या सुमारे 46,000 स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले, तेव्हा बाळांच्या प्रकृतीत फरक पडलेला नव्हता.