सोनोमा कोस्टच्या सहलीआधी एवढं वाचा

नमस्कार. आमच्याकडे सहल ठरवताना, विशेषतः भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन येताना, एक घोळ वारंवार होतो. आमची वाइनची सहल कॅलिफोर्नियातल्या सोनोमा कोस्टची, म्हणजे समुद्रकाठच्या भागाची असते, सोनोमा गावाची नव्हे. गाव, त्यातला चौक, भोवतीची वाइन टेस्टिंगची, म्हणजे चव घेऊन बघण्याची दुकानं हे सगळं आतल्या अंगाला, नापाच्या शेजारी आहे. तिथून समुद्रकाठच्या जेनरला पोचायला साधारण दीड तास लागतो. तरी कोणीतरी गावातलं सकाळी अकराचं टेस्टिंग परस्पर ऑनलाइन घेऊन ठेवतं आणि "वाटेतच आहे ना?" म्हणतं. वाटेत नाही. मग डोंगरावरची आमची दुपारची वेळ हुकते, आणि तिथल्या लहान वायनरी आधी ठरवल्याशिवाय सहसा कोणाला घेत नाहीत. दिवस रस्त्यात जातो आणि वाईट आम्हालाच वाटतं. म्हणून काहीही बुक करण्याआधी आम्हाला एक फोन करा.

बाटलीवरच्या नावानंही फसायला होतं. १९८७ साली 'सोनोमा कोस्ट' हा अधिकृत द्राक्षविभाग आखला गेला तो जवळजवळ पाच लाख एकरांचा, उत्तरेला मेंडोसिनो काउंटीच्या हद्दीपासून दक्षिणेला थेट सॅन पाब्लोच्या खाडीपर्यंत. त्यामुळे लेबलवर 'कोस्ट' असूनही बाग समुद्रापासून बरीच आत असू शकते. पुढे २०१२ मध्ये फोर्ट रॉस-सीव्ह्यू आणि २०२२ मध्ये वेस्ट सोनोमा कोस्ट हे वेगळे विभाग झाले. खरी किनाऱ्याची वाइन हवी असेल तर दुकानात ही दोन नावं शोधा. आम्ही जातो ते याच पट्ट्यात.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "हिचा रंग इतका फिका कसा? पाणी तर नाही ना?" नाशिकची गडद शिराझ प्यायलेल्यांना हे वाटणं साहजिक आहे. इथलं मुख्य द्राक्ष पिनो न्वार. त्याची सालच पातळ, आणि रेड वाइनला रंग सालीतून येतो. त्यात इथला पॅसिफिक ऐन उन्हाळ्यातही गार. आतला मुलूख तापला की समुद्रावरची थंड हवा आणि धुकं आत ओढलं जातं. फ्रीस्टोन, ऑक्सिडेंटल या गावांकडे ते सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. फोर्ट रॉसकडच्या बागा मात्र साधारण ९२० फुटांच्या वर, म्हणजे बहुतेक वेळा धुक्याच्याही वर असतात: वर स्वच्छ ऊन, पायाखाली पांढरा समुद्र. पण वारा तिथेही गारच. अशा हवेत द्राक्ष सावकाश पिकतं, त्याचा आंबटपणा टिकतो. म्हणून ही वाइन जिभेवर जड होत नाही. लाल चेरी, पावसानंतरची माती, जरा चहाच्या पानासारखा वास. पहिल्या घोटाला मत बनवू नका, दहा मिनिटं ग्लासात राहू द्या. घरी प्यायची असेल तर आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. कोमट पिनो न्वारची चवच बसते.

"दिवसाला दोनच वायनरी का? दुसरे पाच दाखवतात." दाखवत असतील. किनाऱ्याचा हायवे वन आणि वरचे डोंगररस्ते इतके वळणाचे आहेत की घाई केली तर गाडी लागते, वयस्कर मंडळींना तर हमखास. शिवाय दोन ठिकाणी निवांत बसलं तर बाग लावणाऱ्याशी बोलता येतं. मधल्या वेळात आम्ही फोर्ट रॉसला थांबतो. रशियनांनी १८१२ साली वसवलेला हा किल्ला, तटबंदी लाकडाची. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या बाबा लोकांना तो आवडतोच.

जुलै असला तरी स्वेटर आणा. आतल्या फ्रीमॉन्ट शहराहून नव्वद अंश फॅरनहाइटमध्ये निघालेली माणसं किनाऱ्यावरच्या बोडेगा बे गावाला साठ अंशांत उतरतात. गाडीत आम्ही चार शाली ठेवतो, पण माणसं आठ असतात. बसण्याची जागा सकाळी निघतानाच ठरवतो. ज्यांना गाडी लागते त्यांचं नाव फोनवरच सांगून ठेवा, पुढची सीट त्यांची.