पाणंद-पाखाडी दुरुस्तीतील अवजारांचे नियोजन

कोकणात वाड्यांना जोडणाऱ्या, डांबर न पडलेल्या वाटा गावकरी आजही श्रमदानाने दुरुस्त करतात. त्यात कोणते काम कोणत्या हत्याराने, कोणत्या क्रमाने आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत करायचे, हे आधी ठरवणे म्हणजे अवजारांचे नियोजन. या वाटा मुख्यतः दोन प्रकारच्या. जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाच्या पायऱ्यांची, माणसाने चालायची ती पाखाडी. दोन गडग्यांमधून (दगडी बांधांमधून) शेताकडे जाणारी, पूर्वी गुरांची आणि आता ट्रॅक्टर-जीपची झालेली ती पाणंद.

वाट बिघडते ती वाहनापेक्षा पाण्याने. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. जांभ्याचा वरचा थर उघड्यावर राहून कठीण झालेला असतो. त्याखाली अनेक ठिकाणी शेडी, म्हणजे मऊ, फिकट रंगाची माती असते. वरचे कवच शाबूत आहे तोवर वाट टिकते. सपाटीकरणासाठी जेसीबीने ते खरवडले, की पाणी शेडीला लागते आणि वाटेची घळ होऊ लागते. म्हणून आधी पाण्याचा निचरा, मग हाताची हत्यारे आणि यंत्र सर्वांत शेवटी, हाच क्रम कोकणात योग्य ठरतो. यंत्र स्वस्तात मिळतेय म्हणून कामे शोधणे ही उलटी रीत आहे. चांगल्या वाटा तिनेच बिघडतात.

पाहणी भर पावसात करावी. पाणी वाटेत कुठे शिरते, किती अंतर वाटेनेच वाहते आणि कुठे बाहेर पडते, हे श्रावणात उघड दिसते. दिवाळीनंतर त्याची फक्त खूण उरते. अशा जागा गडग्यावर रंगाने नोंदवून ठेवतात. नंतर त्यांची यादी जागेनुसार न करता हत्यारानुसार करावी: पहारीची कामे, कोयत्याची कामे, यंत्राची कामे. असे केले की यंत्राला द्यावे असे काम किती थोडे आहे, ते कळते.

कामाचे वेळापत्रक माती आणि माणसे या दोन गोष्टींवर बसते, आणि दोन्हींचा मेळ सहसा जमत नाही. भातकापणी झाल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, जमिनीत थोडी ओल असते. तेव्हा कुदळ सहज चालते. पाणी बाहेर काढणारे तिरके आडवे चर खणायचे दिवस तेच. पण गावात त्या वेळी माणसे कमी असतात. चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी शहरात राहणारे गावकरी, येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. मे महिन्यात हात भरपूर असतात, पण जमीन दगडासारखी झालेली असते. म्हणून खणण्याची थोडी कामे गावातल्या मोजक्या माणसांनी हिवाळ्यात उरकावीत; चिरे (जांभ्याचे घडीव दगड) वाहणे, सुटलेल्या पायऱ्या बसवणे आणि गटारांतला पालापाचोळा काढणे ही कामे मे महिन्यासाठी राखावीत. गणपतीआधी बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची साफसफाई, करून वाट मोकळी करण्याची रीत तर जुनीच आहे.

हातहत्यारे माणसांच्या संख्येवर नव्हे, कामाच्या साखळीवर मोजतात. एक जण कुदळीने सोडवतो, दुसरा फावड्याने भरतो आणि दोघे-तिघे घमेली वाहतात. सगळ्यांना कुदळी दिल्या तर माती तिथेच पडून राहते. उन्हाळ्यात वाळून सैल झालेले दांडे आदल्या रात्री पाण्यात ठेवतात, म्हणजे ते फुगून घट्ट बसतात. कोयत्यांसोबत कानस असावीच. पडलेले चिरे हाताने उलटू नयेत, पहारीने उलटावेत. जांभ्याच्या फटींत फुरसे हा विषारी साप असतो आणि रत्नागिरीच्या कातळावर तो दुर्मीळ नाही.

ग्रासकटर गवतासाठी उत्तम आहे. त्याच्या फिरत्या दोरीने गवत कापावे आणि रानमोडीसारख्या झुडपांच्या जाड खोडांना पाते लावावे. जांभ्याचे खडे उडतात, म्हणून चालवणाऱ्यापासून १५ मीटरच्या आत कोणी थांबू नये. त्याच तुकड्यावर त्याच वेळी खणणारी टोळी लावूच नये. चेनसॉ सरावाच्या माणसाकडेच द्यावा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा माड, पोफळी आणि आंब्याची झाडे आडवी होऊन वाटा बंद झाल्या. पडलेल्या झाडाचे ताणलेले खोड कापताना एकदम उसळते. विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) लावलेली जीप असेल, तर कापलेले ओंडके ओढायला तिचा उपयोग होतो.

जेसीबी सात-आठ टनांचा असतो. पाखाडीवर तो नेऊच नये. पाणंदीवर न्यायचा झाल्यास जमीन पूर्ण वाळल्यावर न्यावा. कुठे वळवायचा आणि निघालेली माती कुठे टाकायची, हे आधी ठरवावे. ती व्हाळात (ओढ्यात) ढकलली तर खालच्या मळ्यात पसरते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, तर यंत्र चालवण्यापूर्वी दहादा विचार करावा. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे अशा ठिकाणची कातळशिल्पे (कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे) २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. न नोंदलेले शिल्प मातीखाली असू शकते, आणि यंत्राच्या साखळीपट्ट्याच्या किंवा बकेटच्या एका ओरखड्याने गेलेली रेघ परत येत नाही. याच कातळावर पहिल्या पावसात दीपकाडी हे रानफूल फुलते.

यंत्र ठरवण्याआधी संमती घ्यावी लागते. कोकणातील जमिनींच्या सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदार असतात. एकाने ऐनवेळी हरकत घेतली तरी भाडे फुकट जाते. झाड तोडायचे असेल तर वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४, वनजमीन असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि किनाऱ्यालगत सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) नियम लागू होतात. वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. निकालाला वेळ लागतो, म्हणून वादातला तुकडा त्या वर्षीच्या यादीतून वगळून हत्यारे पुढच्या तुकड्यावर लावतात.