२५ मायक्रोग्रॅमच्या कळा

तारीख तीन आठवड्यांवर आहे. पोट दुखत नाही, बाळ छान फिरतंय. दोन दिवस डोकं ठणकतंय तेवढंच, आणि पायांवर सूज, पण ती तर सगळ्यांनाच येते. तपासणीला गेल्यावर बीपी १५०/१०० निघतं, लघवीत बुडवलेली पिवळी पट्टी हिरवी होते आणि डॉक्टर म्हणतात, "आजच ॲडमिट व्हा. कळा सुरू करू." घरी फोन जातो आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, "अहो, पण दिवस कुठे भरलेत?"

प्रश्न रास्त आहे. दिवस भरण्याचा आपला हिशोब 'नऊ महिने नऊ दिवसां'चा. दवाखान्यातला हिशोबही त्यापासून फार लांब नाही. शेवटची पाळी सुरू झाली तो दिवस धरायचा आणि त्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. होतात २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. नेमक्या त्या तारखेला जन्मणारं बाळ विसात एखादंच. शिवाय सगळी भिस्त आठवणीवर. "पाळी संक्रांतीच्या पुढेमागे आली होती" असं उत्तर मिळालं की दोन आठवड्यांचा घोळ तिथेच झाला. म्हणून तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी चुकवायची नसते. तेव्हा बहुतेक बाळं सारख्याच वेगाने वाढत असतात, त्यामुळे डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून वय बऱ्यापैकी अचूक कळतं. पुढे लवकर बाळंतपण करायची वेळ आली, तर दिवस ३५ आठवड्यांचे आहेत की ३७, यावर बाळाचा श्वास अवलंबून असू शकतो.

बीपीचं दुखणं आठव्या-नवव्या महिन्यात दिसतं, पण त्याचं बी बरंच आधी पडलेलं असतं. गर्भ रुजताना वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांना सैल, रुंद करतात. नळीचा पाट व्हावा तसं. काहीजणींमध्ये हे काम अर्धवट राहतं. बाळ लहान आहे तोवर भागतं. पाचव्या महिन्यानंतर मागणी वाढते, वारेला रक्त पुरत नाही, आणि ही उपाशी वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडू लागते. आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराची निगा राखणारी जी रसायनं असतात, त्यांनाच ही प्रथिनं पकडून ठेवतात. अस्तर बिघडलं की रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. मूत्रपिंडाची गाळणी गळायला लागते, रक्तातली प्रथिनं लघवीत उतरतात, म्हणून ती पट्टी हिरवी. मग पाळी यकृताची, प्लेटलेटची, मेंदूची. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, आणि शेवटी झटके. झटके आले की एक्लॅम्प्सिया, त्याआधीची अवस्था प्रीएक्लॅम्प्सिया.

बीपीच्या गोळ्यांनी आकडा खाली येतो आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका कमी होतो. वारेचं काम मात्र चालूच राहतं. दुखण्याचं मूळ वारेत, आणि वार बाहेर पडते ती बाळामागून. म्हणून आजार सौम्य असेल तर ३७ आठवडे झाले की थांबायचं नाही, आणि लक्षणं गंभीर असतील तर ३४ झाले की थांबायचं नाही, असा आज सर्वसाधारण संकेत आहे. ३४ च्या आत असेल तर इस्पितळात डोळ्यांत तेल घालून जमतील तेवढे दिवस काढायचे.

आपल्याकडे एक समज आहे की सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. तो साफ चुकीचा आहे. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूने मोजायचा. ३५ व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण दोनतृतीयांश असतं. फुप्फुसांतले फुगे आतून चिकटू नयेत म्हणून साबणासारखा एक पातळ थर लागतो, तोही शेवटच्या आठवड्यांतच नीट तयार होतो.

या थराला घाई करायला लावता येते, हे एका मेंढीमुळे कळलं. १९६० च्या दशकात न्यूझीलंडमधले ग्रॅहॅम लिगिन्स वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. बाळंतपण सुरू कोण करतं, आई की पिल्लू? मेंढीच्या पोटातल्या पिल्लाला त्यांनी स्टेरॉइड टोचलं आणि कळा वेळेआधीच सुरू झाल्या. मेंढ्यांमध्ये तरी हुकूम पिल्लाचाच होता. (माणसात नेमकं कोण ठरवतं, ते आजही पुरतं उलगडलेलं नाही.) पण त्यातल्या एका पिल्लाने त्यांना चकवलं. दिवस इतके अपुरे, की ते जगायलाच नको होतं, आणि ते चक्क श्वास घेत होतं. १९७२ साली लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाउवी यांनी २८२ गर्भवतींवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. अपुऱ्या दिवसांत बाळंत होऊ घातलेल्या बाईला कमरेवर जी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती तिथून आली. ती आईसाठी नसतात, बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात. २०१४ पासून आपल्या देशात एएनएमलाही, म्हणजे गावातल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईलाही, पहिला डोस देऊन मग मोठ्या इस्पितळात पाठवायची मुभा आहे.

एवढं झालं तरी खरा अडसर पुढेच असतो, तो म्हणजे गर्भपिशवीचं तोंड. नऊ महिने ते घट्ट मिटून राहिलेलं असतं, आणि राहायलाच हवं होतं. तपासणाऱ्या बोटाला ते आधी नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं. दिवस भरत आले की आतल्या कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंच्या जुड्या सैल होतात, त्यात पाणी शिरतं, आणि ते ओठासारखं मऊ होतं. मग पातळ होतं, मग उघडतं. एडवर्ड बिशप या अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांनी १९६४ मध्ये याला गुण द्यायची पद्धत काढली. तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे, आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय. एकूण गुण १३. आठ किंवा जास्त मिळाले तर कळा सुरू करणं सोपं जातं. ३७ व्या आठवड्यातल्या पहिलटकरणीला कित्येकदा दोन-तीनच मिळतात. अशा वेळी सरळ कळांचं सलाईन लावणं म्हणजे कडी न काढता दार ढकलणं. आधी तोंड पिकवावं लागतं.

पिकवायचे मार्ग दोन. एक अगदी यांत्रिक आहे. लघवीसाठी वापरतात ती फोलीची नळी तोंडातून आत सरकवायची आणि तिच्या टोकाचा फुगा ३० ते ६० मिलिलिटर पाण्याने फुगवायचा. फुगा आतून दाबत राहतो आणि तोंड हळूहळू उघडतं. दुसरा मार्ग औषधाचा, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनचा. 'जेल ठेवलं' म्हणतात ते यातलंच. मिसोप्रोस्टॉलची गोळीही याच घराण्यातली, पण ती मुळात पोटाच्या अल्सरसाठी निघाली. बाजारातली नेहमीची गोळी २०० मायक्रोग्रॅमची, आणि कळांसाठी लागतात फक्त २५. मग कुणी ब्लेडने तिचे आठ तुकडे करायचं. एका तुकड्यात जास्त औषध, दुसऱ्यात कमी. त्यापेक्षा गोळी २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातलं २५ मिलिलिटर पाजणं कितीतरी बरं. आता २५ ची गोळीही मिळते.

बीपी वाढलेल्या बाईसाठी नळी चांगली की गोळी? याचं उत्तर शोधलं गेलं नागपुरात. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात ६०२ बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना फोलीची नळी, निम्म्यांना दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅमची गोळी तोंडाने. कुणाला काय, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. २४ तासांत नैसर्गिक बाळंतपण झालं ते गोळीवाल्यांपैकी ५७ टक्के आणि नळीवाल्यांपैकी ४७ टक्के जणींचं. २०१७ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मला यात टक्क्यांइतकंच जागेचं अप्रूप वाटतं. ज्या वॉर्डांत अशा बायका रोज येतात, एकीमागून एक खाट भरलेली असते, तिथेच हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तरही तिथेच मिळालं.

डोस इतका चिमुकला का, ते कळ समजून घेतली की कळतं. गर्भाशयाचा स्नायू आवळतो तेव्हा त्यातून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. तेवढा वेळ बाळ जणू श्वास रोखून धरतं. कळ ओसरली की रक्त पुन्हा धावतं. दहा मिनिटांत तीन-चार कळा असतील तर बाळाला मध्ये दम घ्यायला सवड मिळते. पाचाच्या वर गेल्या तर ती उरत नाही. म्हणून नर्स घड्याळाकडे बघत, पोटावर तळहात ठेवून कळा मोजत बसते, आणि दुसरीकडे बाळाचे ठोके ऐकते. आधीचं सिझर असेल तर ही गोळी देतच नाहीत, कारण जुना टाका आतून उसवण्याची भीती असते.

"जेल ठेवलं की सिझर होतंच" हे वाक्य तर घराघरांत ऐकू येतं. पाहणाऱ्याला तसं दिसतंही. पण आपण तुलना करतो ती शेजारच्या खाटेवर आपोआप कळा घेऊन आलेल्या बाईशी. तिला निवड करायचीच नव्हती. बीपी वाढलेल्या बाईपुढे पर्याय दोनच होते, आज कळा सुरू करणं किंवा थांबणं. तेव्हा तुलना थांबलेल्या बाईशी हवी, आणि थांबलेल्यांमध्ये काहींचं बीपी आणखी चढतं, काही बाळांचे ठोके पडतात, मग धावाधाव आणि सिझर. नेदरलँड्समध्ये ७५६ बायकांवर अशीच तुलना झाली, निष्कर्ष २००९ चे. सगळ्या ३६ आठवड्यांच्या पुढच्या, आजार सौम्य. कळा सुरू केलेल्यांपैकी ३१ टक्के आयांची तब्येत बिघडली, वाट पाहिलेल्यांपैकी ४४ टक्के. सिझर वाढली नाहीत.

कारणं अर्थात बीपीचीच नसतात. पाणी आधीच गेलेलं असतं, बाळाची वाढ खुंटलेली असते, साखर आटोक्यात नसते, कधी तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटते आणि रक्तात पित्ताम्लं वाढलेली सापडतात. प्रत्येकाचा आठवडा वेगळा. मुहूर्त पाहून तारीख मागणं या यादीत बसत नाही, आणि डॉक्टरांना ते सांगताना संकोच वाटू नये.

वेळ मात्र लागतो, कधी एक दिवस, कधी दोन. पहिल्या गोळीनंतर चार तासांनी "अजून काही होत कसं नाही?" म्हणून बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्यांना हे आधीच सांगितलेलं बरं. तोंड पिकलं की पाणमोट फोडतात, लागलं तर ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणारं, सलाईन थेंबाथेंबाने वाढवतात, आणि मग बाळ येतं, मागून वार. वारेने रक्तात सोडलेलं मात्र लगेच निवळत नाही. झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो, कधी काही दिवसांनीही. त्यामुळे आजार गंभीर असेल तर झटके टाळण्यासाठी दिलेलं मॅग्नेशियमचं औषध पुढे साधारण २४ तास चालू ठेवतात, आणि बाळ शेजारी दुपट्यात गुंडाळून निजलेलं असलं तरी आईच्या दंडावरचा बीपीचा पट्टा इतक्यात सुटत नाही.