पीझोविद्युत संमिश्रांचं गणित: सरासरी कुठे कमी पडली?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कास्टिंगच्या पोटातली पोकळी शोधायला अल्ट्रासॉनिक प्रोब लावतात. विजेच्या ठोक्यानं कंप पावणारा आणि परतलेल्या लहरीची पुन्हा वीज करणारा त्यातला तुकडा पीझोविद्युत असतो. अनेक प्रोबांत आता तो निव्वळ सिरॅमिक नसतो, सिरॅमिक आणि पॉलिमरचं संमिश्र असतो. अशा संमिश्राचे एकत्रित गुणधर्म बनवण्याआधी कसे सांगायचे?

दाबानं वीज तयार होण्याचा हा परिणाम पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. १९५० च्या दशकात पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटेनेट) हे सिरॅमिक आलं. पण पाण्याखाली चहूबाजूंनी दाब आला की ते मार खातं. उभ्या दाबानं तयार होणारा विद्युतभार दोन आडव्या दाबांच्या उलट भारानं जवळजवळ पुसला जातो.

यावरचा उपाय, माझ्या मते, या इतिहासातलं सर्वात मोठं वळण आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या न्यूनहॅम, स्किनर आणि क्रॉस यांनी घटकांच्या प्रमाणाइतकीच त्यांची मांडणीही महत्त्वाची मानली. कोणता घटक किती दिशांना अखंड आहे, यावरून दोन घटकांच्या मांडणीचे १० प्रकार पडतात. पीझेडटीची भुकटी पॉलिमरमध्ये विखुरली तर परिणाम क्षीण होतो. तेवढ्याच पीझेडटीच्या उभ्या कांड्या पॉलिमरमध्ये बसवल्या, तर मऊ पॉलिमरवरचा उभा भारही ताठ कांड्याच पेलतात आणि विद्युतभार भरपूर मिळतो.

संमिश्राचे गुणधर्म घटकांवरून काढण्याच्या गणिताची वाट त्याहून जुनी. फोग्टनं सगळीकडे विकृती (ताणामुळे होणारा आकारातला बदल) समान धरली, रॉइसनं १९२९ मध्ये ताण समान धरला. ताठपणाच्या या दोन मर्यादा झाल्या, पण अनेकदा त्यांच्यातलं अंतर फारच मोठं. एशेल्बीनं १९५७ मध्ये अनंत माध्यमातल्या एका लंबगोल कणाचं कोडं सोडवलं, मोरी आणि तानाका यांनी १९७३ मध्ये अनेक कणांचा परस्पर परिणाम सरासरीनं धरला. पीझोविद्युत पदार्थात ताण आणि विद्युतक्षेत्र एकमेकांत गुंतलेले असतात. ध्रुवित, म्हणजे विद्युतक्षेत्र लावून एका दिशेला वळवलेल्या, सिरॅमिकचेच १० स्वतंत्र स्थिरांक. हा सगळा गुंता डन आणि ताया यांनी १९९३ मध्ये त्याच चौकटीत आणला.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फेराइट (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिक) आणि बेरियम टायटेनेटसारख्या पीझोविद्युत पदार्थांच्या संमिश्रांवर काम झालं आहे. चुंबकीय क्षेत्रात फेराइटची लांबी किंचित बदलते, तो ताण शेजारच्या पीझोविद्युत कणाला बसतो आणि वीज मिळते. चुंबकीय क्षेत्रातून वीज देण्याचा हा गुण दोघांपैकी एकट्या कुणातच नाही, म्हणून साधी सरासरी इथे शून्यच सांगते. फेराइट वाढवलं की ताण वाढतो, पण फेराइटचे कण एकमेकांना भिडले की त्यांच्यातून वीज गळते आणि नमुना नीट ध्रुवित होत नाही.